उंचीची घाई

माझ्या भाच्याने गेल्या महिन्यात एक कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर नऊ रकाने आखलेले होते, एकेका दिवसाचा एक. मोटारसायकल रेल्वेने चंदीगडपर्यंत जाणार. तेथून मनाली, सरचू, लेह, खारदुंग ला, पँगाँग, हानले, उमलिंग ला आणि परत. प्रत्येक रकान्यात अंतर लिहिले होते, पेट्रोलचा खर्च लिहिला होता आणि खिंडीची उंची फुटांत लिहून तिच्याखाली ठळक रेघ ओढली होती. "मामा, यात काही राहिले आहे का, तेवढे बघा," तो म्हणाला. राहिले होते. नऊ रकान्यांत एकही रकाना कोरा नव्हता.

आधीच सांगतो, उंच घाटरस्त्यांवर मोटारसायकलने जाऊ नये, असे माझे मत नाही. उलट तरुणपणी एकदा तरी जावे, असेच मला वाटते. बसच्या खिडकीतून घाट दिसतो. मोटारसायकलवर तो अंगाला लागतो. ऊन कोठे संपले आणि सावली कोठे सुरू झाली, हे हाताच्या बोटांना कळते. पुढच्या वळणापलीकडे पाऊस आहे की नाही, हे वाऱ्याच्या वासावरून समजते. माझा आक्षेप जाण्याला नाही. जाण्याच्या घाईला आहे.

आम्ही म्हैसूरचे. आजोबा नोकरीच्या निमित्ताने येथे आले आणि घरात मराठी व दारात कन्नड अशी आमची राहणी होऊन गेली. या शहराचे आणि मोटारसायकलचे नाते जुने आहे. १९६० च्या सुमारास 'आयडियल जावा' या कंपनीचा कारखाना येथल्या यादवगिरी भागात उभा राहिला. जावा हे नाव चेकोस्लोव्हाकियाचे. यानेचेक हे संस्थापकाचे आडनाव आणि वांडरर ही जर्मन कंपनी, यांची आद्याक्षरे जोडून ते झाले होते. पुढे सत्तरच्या दशकात याच कारखान्यातून 'येझदी' या नावाने गाड्या निघू लागल्या. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. तरीही दर वर्षी जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारी या जुन्या गाड्यांचे मालक आपापल्या शहरांत त्या रस्त्यावर आणतात, आणि म्हैसुरात तर त्या धुराच्या वासाने पन्नाशीतली माणसे दारात येऊन उभी राहतात. धूर आरोग्याला चांगला नाही, हे मला ठाऊक आहे. पण मीही उभा राहतो.

म्हैसूरच्या माणसाला घाट शिकण्यासाठी लांब जावे लागत नाही. सकाळी गुंडलूपेटमार्गे निघावे, बंदीपूरचे अरण्य ओलांडावे (रात्री नऊ ते सकाळी सहा हा रस्ता २००९ पासून वन्य प्राण्यांसाठी बंद असतो आणि ते योग्यच आहे), मसिनगुडीहून कल्हट्टीचा घाट धरावा. छत्तीस तीव्र वळणे चढली की उटी येते. या घाटाने मला दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे, चढण्यापेक्षा उतरणे कठीण. सारा भार ब्रेकवर टाकला की ते तापतात आणि ऐन वळणावर हात देत नाहीत. म्हणून गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून उतरावे. आमच्या दोन स्ट्रोकच्या येझदीला मात्र त्यातही अडचण होती. तिचे वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेले असे. लांब उतारावर मूठ पूर्ण बंद ठेवली, की पेट्रोलबरोबर वंगणही इंजिनापर्यंत जाईनासे होई. म्हणून अधूनमधून मूठ किंचित पिळावी लागे.

दुसरी गोष्ट या घाटाने मला चुकीची शिकवली. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवर आहे आणि उटी सुमारे २,२४० मीटरवर. म्हणजे न्याहारी ते जेवण एवढ्या वेळात आम्ही जवळजवळ दीड हजार मीटर चढत असू आणि अंगाला काहीही होत नसे. थंडी वाजे, भूक लागे, एवढेच. डोंगर म्हणजे असाच, फक्त थोडा अधिक, अशी माझी समजूत झाली.

१९९४ च्या उन्हाळ्यात मी आणि माझा एक मित्र, दोघे दोन येझदी घेऊन लेहकडे निघालो. निघण्यापूर्वी गाड्या ज्या कारागिराकडे दाखवल्या, त्याने काही काळ जावाच्या कारखान्यात काम केले होते. शाळा त्याने फार पाहिली नव्हती आणि हिमालय तर मुळीच नाही. पण त्याने कागदाच्या पुडीत बांधून दोन जेट दिले. जेट म्हणजे कार्बुरेटरमधला बारीक छिद्राचा पितळी तुकडा. त्या छिद्रातून पेट्रोल हवेत मिसळते. उंचावर हवा विरळ असते. त्याच छिद्रातून पेट्रोल येत राहिले, तर हवेच्या मानाने ते जास्त होते आणि गाडी गुदमरते. म्हणून तेथे लहान छिद्राचा जेट बसवायचा. "वर गेल्यावर इंजिनालाही दम लागतो," तो कन्नडमध्ये म्हणाला. त्याच्या बोलण्यातला 'ही' आम्ही नीट ऐकला नाही. गाड्यांचे जेट आम्ही बदलले. स्वतःचे काय, हा विचार केला नाही.

मनालीहून सकाळी निघालो आणि संध्याकाळी सरचूला पोचलो. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे आणि सरचू सुमारे ४,२९० मीटरवर. वैद्यकशास्त्र सांगते, की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरहून अधिक उंच नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. आम्ही एका दिवसात बावीसशे मीटर चढलो होतो. रात्री माझे डोके ठणकत होते. मित्र विचारी, "बरा आहेस ना?" मी म्हणे, "हो." तोही मला "हो" म्हणत होता. दोघेही खोटे बोलत होतो. मध्यरात्रीनंतर त्याला आडवे होववेना. बसूनच श्वास घेऊ लागला, ओठ निळसर दिसू लागले आणि खोकल्याबरोबर फेस येऊ लागला.

विरळ हवेत फुप्फुसांत पाणी साठते, तेव्हा असे होते. यावर खरा उपाय एकच : विलंब न लावता खाली उतरणे. आणि येथेच सरचूची अडचण कळते. हे ठिकाण खिंडींच्या मधे आहे. पुढे जावे तर लाचुंग ला, पाच हजार मीटरहून उंच. मागे फिरावे तर बारालाचा ला, सुमारे ४,८९० मीटर. म्हणजे खाली जाण्यासाठीही आधी वर चढावे लागते! पहाटे एका मालमोटारीच्या चालकाने त्याला शेजारी बसवून घेतले आणि बारालाचा ओलांडून केलाँगला आणले. मी मागून मोटारसायकलवर. त्या साऱ्या वाटेत मी डोंगराकडे एकदाही पाहिले नाही. केलाँगला, सुमारे तीन हजार मीटरवर, त्याला प्राणवायू मिळाला आणि दुसऱ्या दिवशी तो उठून बसला. खारदुंग ला आम्ही पाहिलाच नाही. घरी आल्यावर मात्र 'रस्ता बंद होता' असे सांगितले. ही गोष्ट भाच्याला मी परवा प्रथमच सांगितली.

तो म्हणाला, "तेव्हा गाड्या तशा होत्या, मामा. आता सगळे बदलले आहे." खरे आहे. त्याची गाडीही येझदीच आहे, पण २०२२ मध्ये हे नाव पुन्हा बाजारात आले त्यानंतरची. ती म्हैसुरात नव्हे, मध्य प्रदेशातील पीथमपूरला तयार झाली आहे. तिला जेट बदलावा लागत नाही. हवा किती विरळ आहे, हे तिच्यातले यंत्र स्वतः मोजते आणि पेट्रोल तेवढेच सोडते. रस्तेही सुधारले. रोहतांगच्या खालून नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला. पण या सुधारणांनी धोका कमी झाला की वाढला? माझ्या मते एका अर्थी वाढला. पूर्वी खराब रस्ता आणि दमणारी गाडी माणसाला मुकाट्याने थांबवत असत. आता थांबवणारे काही उरले नाही. सीमारस्ते संघटनेने २०२१ मध्ये उमलिंग ला येथे १९,०२४ फुटांवर रस्ता नेला आणि २०२५ मध्ये मिग ला येथे त्याहूनही वर, १९,४०० फुटांवर. फुप्फुसे तीच राहिली. खारदुंग लावर हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम निम्मा असतो, आणि तो मोजून आपोआप जुळवून घेणारे यंत्र माणसात एका रात्रीत काम करत नाही. त्याला दिवस लागतात.

आकड्यांचे वेड तर असे, की ते खरे आहेत की नाहीत याचीही कोणी पर्वा करत नाही. खारदुंग लावरच्या फलकावर अनेक वर्षे १८,३८० फूट अशी उंची लिहिलेली होती. मोजणीत ती सुमारे १७,५८२ फूट भरली. आठशे फूट कमी झाले म्हणून खिंड लहान झाली काय? जाता जाता, 'ला' या शब्दाचाच अर्थ खिंड असा आहे. आपण 'खारदुंग ला खिंड' म्हणतो, तेव्हा खिंडीला दोनदा हाक मारतो.

त्या फलकापाशी छायाचित्र काढून घेणाऱ्यांत मीही उभा राहिलो असतो. पण त्या चित्रात जे नसतात, त्यांच्याकडे पाहावे असे मला वाटते. हे रस्ते बांधणाऱ्या मजुरांपैकी अनेक जण झारखंडातील दुमका आणि आसपासच्या भागातून येतात. सखल प्रदेशातली माणसे. २०२० च्या टाळेबंदीत लडाखमध्ये अडकलेल्या अशा साठ मजुरांना मे महिन्याच्या अखेरीस विमानाने रांचीला आणले, तेव्हा कोठे देशाला त्यांची आठवण झाली. आपण ज्या जागी वीस मिनिटे थांबतो, तेथे ही माणसे महिनोन् महिने फावडे चालवतात. डांबराच्या पिंपाशेजारी बसलेल्या अशा माणसाला साधा नमस्कार करायलाही गाडी थांबवावी लागते, आणि नऊ भरलेल्या रकान्यांत तेवढी जागा नसते.

यावर भाच्याचा युक्तिवाद असा : "रजाच नऊ दिवसांची आहे. तुम्ही म्हणता तसे गेलो, तर निम्मे बघायचे राहून जाईल." ही अडचण खरी आहे आणि नोकरी करणाऱ्या प्रत्येकाची आहे, तिला मी हसणार नाही. माझे उत्तर एवढेच, की निम्मे राहू द्यावे. मनालीऐवजी श्रीनगरकडून जावे. तो रस्ता कारगिलवरून, म्हणजे सुमारे २,७०० मीटरवर मुक्काम करत, हळूहळू चढतो. लेहला पोचल्यावर दोन दिवस गाडीला हात लावू नये. बाजारात पायी हिंडावे, पाणी प्यावे, झोपावे. डोके दुखले तर जोडीदाराला खरे सांगावे आणि त्याचे दुखत असेल तर त्याच्यावर रागावू नये. एवढे करून वेळ उरला, तर खारदुंग ला.

कागद तो घेऊन गेला आणि चार दिवसांनी परत आणला. उमलिंग ला आणि हानले खोडलेले आहेत. लेहच्या नावापुढे दोन रकाने कोरे सोडले आहेत. बरोबर येणाऱ्या मित्राला हे मुळीच पसंत नाही, असे तो म्हणाला. येत्या रविवारी त्याला घेऊन तो माझ्याकडे येणार आहे.