पांढऱ्या धुराचा इशारा

हिवाळ्यात पहाटे मांगीतुंगी वा कुंथलगिरीच्या यात्रेसाठी गाडी सुरू करताच मागून पांढरा धूर निघतो आणि वडीलधारी मंडळी चिंतेत पडतात. हा धूर पातळ असून इंजिन तापताच विरला, तर ती केवळ पाण्याची वाफ होय. इंधन जळताना पाणी तयार होतेच. मात्र दाट धूर थांबेना, त्याला गोडसर वास येऊ लागला आणि बाहेर गळती नसतानाही कूलंट घटू लागले, तर ते इंजिनात शिरून जळत असण्याचा संभव मोठा. बहुधा हेड गॅसकेट निकामी झालेले असते. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसल्यास संशय बळावतो. निर्णय मात्र प्रेशर टेस्ट करूनच घ्यावा. इंजिन पूर्ण थंड झाल्याविना रेडिएटरचे झाकण उघडू नये.

दुरुस्तीत हेड उतरवून त्याची सपाटी तपासतात, नवे गॅसकेट बसवतात, ऑइल व कूलंट बदलतात. वरून पाणी ओतत गाडी दामटणे हा प्रमादच. घाटात इंजिन तापले तर हेड वाकते, खर्च वाढतो. आणि चौविहाराचा नियम पाळणाऱ्या वृद्ध मातेला सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठता न आल्याने उपाशीच राहावे लागते.