दुसऱ्याचें पत्रक, आपली जबाबदारी

गेल्या आठवड्यांत एक तरुण आमच्याकडे आला. शेतकऱ्यांच्या एका संघटनेचें संकेतस्थळ तो चालवितो. बाप कोरडवाहू शेतकरी, आई दुसऱ्याच्या रानांत खुरपायला जाते; घरांत शिकलेला असा हा एकटाच. त्याच्याकडे कोणीं एक निनांवी पत्रक धाडलें होतें. आरंभीं उसाच्या थकलेल्या बिलांची रास्त तक्रार, आणि शेवटीं, अमुक दिवशीं जमून कारखान्याची कचेरी पेटवून द्या, असा हुकूम! "गुरुजी, खालीं 'लेखकाच्या मताशीं आम्ही सहमत आहोंच असें नाहीं' ही ओळ टाकतों. मग झालें ना?" असें तो आम्हांस विचारीत होता.

नाहीं, बाबा, झालें नाहीं. त्या एका ओळीनें फौजदारी जबाबदारी टळत नसते.

१८६० च्या दंडसंहितेंत कलम ११७ होतें. त्याखालीं कायदा करणाऱ्यांनीं जें उदाहरण दिलें तें प्रत्येक कार्यकर्त्यानें वाचावें. दहांहून अधिक माणसें असलेल्या एका पंथानें अमुक वेळीं अमुक जागीं जमून विरुद्ध पंथाच्या मिरवणुकीवर हल्ला करावा, असा फलक एकजण चव्हाट्यावर चिकटवितो. बस्स, गुन्हा झाला! पुढें एकही दगड पडला नाहीं तरी झाला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यांत हेंच कलम ५७ व्या आंकड्याखालीं आलें, आणि तीन वर्षांची कैद सात वर्षांपर्यंत वाढली. फलक खळ लावून भिंतीवर चिकटविला काय, किंवा संकेतस्थळावर चढविला काय, कायद्याला सारखेंच.

"पण मीं तें लिहिलें कुठें?" असें कोणी म्हणेल. १८८२ सालीं कोल्हापूर प्रकरणांत टिळक-आगरकरांनींही दुसऱ्यांनीं आणून दिलेलीं पत्रें छापलीं होतीं. तो खटला चिथावणीचा नव्हे, अब्रूनुकसानीचा. पण मुद्दा हाच. पत्रें बनावट निघालीं, दोघांनीं माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगांत काढावे लागले. (त्या वेळीं जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून रामशेट उरवणे यांनीं दहा हजारांचा जामीन भरला, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें.) १९२२ सालीं 'यंग इंडिया'तील लेखांबद्दल गांधींना सहा वर्षांची शिक्षा झाली. लेख गांधींचे, तरी मुद्रक शंकरलाल बँकर यांसही एक वर्ष मिळालें.

आतां कोणी मोठमोठ्या कंपन्यांकडे बोट दाखवील. त्यांच्या जागेवर हजारों लोक वाटेल तें लिहितात, त्यांना कोण धरतो? त्यांना माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चें छत्र आहे. न्यायालयाचा हुकूम किंवा सरकारी सूचना येईपर्यंत मध्यस्थ जबाबदार नाहीं, असा सर्वोच्च न्यायालयानें त्याचा अर्थ लाविला आहे. परंतु जो आलेला मजकूर स्वतः निवडतो, सुधारतो, मथळा देऊन चढवितो, त्याला हें छत्र लाभत नाहीं. आणि आमचे कार्यकर्ते तर हेंच रोज करितात. गुन्ह्यास मदत करणाराचेंही छत्र उडतें.

मग तोंड शिवून बसावें कीं काय? मुळींच नाहीं! २०१२ सालीं मुंबई बंदबद्दल चार शब्द लिहिले म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. त्यावरून देशभर ओरड उठली, आणि २४ मार्च २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्या कायद्याचें कलम ६६-अ रद्द केलें. त्या निकालांत न्यायालयानें तीन गोष्टी वेगळ्या केल्या: चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी. एखाद्या मताची चर्चा करा, कोणाला कितीही झोंबलें तरी त्याचा पुरस्कार करा. चिथावणीपाशीं मात्र कायदा आडवा येतो. उसाचें बिल थकविणाऱ्यावर कोरडे ओढायला आमची ना नाहीं. कारखान्याचा हिशेब मागा, मोर्चाची तारीख छापा.

आणि हा पेटवा म्हणणारा निनांवी शूर कोण? आमचा अनुभव असा कीं, तो पेटवायला कधीं येत नाहीं. कधीं कधीं तो समोरच्या बाजूचाच निघतो, म्हणजे चळवळ बदनाम करायला बरें! पोलीस येतात ते त्या पोराच्या दारीं, कारण संकेतस्थळ त्याच्या नांवावर असतें. वकिलाच्या फीपायीं मग बैल विकावा लागतो.

आम्ही त्या तरुणाला सांगितलें कीं, तक्रार तूं आपल्या शब्दांत, संघटनेच्या नांवानें लिही. तें पत्रक चढवूं नको, पण फाडूंही नको, जपून ठेव. असला मजकूर चुकून चढलाच असेल तर लोकांच्या नजरेआड करावा, पण त्याची प्रत राखावी. पोलिसांची नोटीस आल्यावर घाईनें सारें पुसलें तर पुरावा नष्ट केल्याचा दुसरा आरोप डोक्यावर येतो. नोटिशीवर तारीख घालून ती वकिलास दाखवावी. अटकेंत असलेल्यास, स्त्रियांस, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांस १९८७ च्या कायद्यानें फुकट वकील मिळतो. त्यासाठीं तालुक्याच्या कोर्टांतील विधि सेवा समितीकडे अर्ज करावा.