शेवटची सवारी

नात म्हणते, "आजी, मोर्शी-अमरावती अपडाऊन करणाऱ्या बायांसाठी वाटून जायची गाडी सुरू करते. चालवणारीही बाईच." घरात सगळ्यांनी नाकं मुरडली. मला रेवती रॉय आठवल्या. नवऱ्याच्या आजारपणात होतं ते संपलं, तेव्हा टॅक्सी चालवू लागल्या, अन् २००७ साली मुंबईत त्यांनी 'फोरशी' ही बायांनी बायांसाठी चालवलेली टॅक्सीसेवा काढली. त्याच वर्षी पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या मुलीचा कंपनीने ठरवलेल्या गाडीच्याच चालकाने घात केला. गाडी रोजचीच होती, पण ती एकटी होती.

माझी नोकरी काळीपिवळीत गेली. गर्दीची भीती नव्हतीच (तिथे कोपर पुरायचं!). बाकीच्या उतरल्यावर उरलेल्या वाटेची वाटायची. म्हणून विचारलं, शेवटच्या बाईचं काय? म्हणाली, ॲपवर लाल बटण आहे. अगं, बटण दाबल्यावर येणार कोण, अन् किती वेळात? तिच्या घरात दिवा लागेपर्यंत गाडी दारात थांबली पाहिजे. एसटीत २०२३पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे. तेव्हा भाडंही जपून ठेव म्हटलं.

सुरुवातीचे पैसे मी पेन्शनमधून देतेय. तिच्या बापाला हे इथे वाचूनच कळेल.