जोतिबाचा नारळ, कागलचं मत आणि गजापूरचा प्रश्न

कोल्हापुरात निवडणूक लागली की बऱ्याच उमेदवारांच्या गाड्या आधी जोतिबाच्या डोंगराकडे वळतात. दर्शन घ्यायचं, नारळ फोडायचा, मग प्रचार. २०२४ च्या लोकसभेला तर प्रचार रंगात असतानाच चैत्र यात्रा आली होती. निकालादिवशीही इथं ‘गुलाल कुणाचा?’ असंच विचारतात.

यावर आपण नाराज व्हायचं कारण नाही. श्रद्धा ज्याची त्याची. प्रश्न डोंगर उतरल्यावरचा आहे. मत कशावर मागणार?

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(३) नुसार धर्माच्या नावावर मत मागणं हे भ्रष्ट आचरण आहे. कोर्टात सिद्ध झालं तर निवड रद्द होऊ शकते. २ जानेवारी २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने सांगितलं, की यात मतदाराचा धर्मही आला. म्हणजे ‘मुसलमान आहात म्हणून मला मत द्या’ हेही चालत नाही. आचारसंहितेत मंदिरासारखीच मशीदही प्रचारासाठी वापरता येत नाही. नियम आपल्यालाही आहे.

कागलचं उदाहरण घ्या. हसन मुश्रीफ १९९९ पासून २०२४ पर्यंत तिथून सलग सहा वेळा आमदार झाले. त्यांचं राजकारण पटो न पटो, पण केवळ मुस्लिम मतांवर तिथं कुणी निवडून येत नाही. गोरगरिबांच्या दवाखान्याच्या कामांनी त्यांची ओळख झाली. २०२४ ला २८८ आमदारांत मुस्लिम फक्त दहा आले, हे खरं. पण कागलमध्ये जे घडतं, तेही खरंच आहे.

आणि गजापूर विसरू नका. जोतिबा पन्हाळा तालुक्यात, गजापूर शेजारच्या शाहूवाडीत. १४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या अतिक्रमणाच्या वादातून तिथल्या घरांची आणि मशिदीची नासधूस झाली. चारच महिन्यांनी, २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं.

म्हणून उमेदवार दारात आला की चहा जरूर पाजा, पण विचारा: असा दिवस पुन्हा आला तर तुम्ही कुठं असाल? रस्ता, पाणी, पोरांची शिष्यवृत्ती यांचं काय? पक्ष कोणताही असो, प्रश्न हेच.

त्याआधी मतदार यादी बघा. घरात अठरा पूर्ण झालेली पोरं-पोरी असतील तर नमुना ६ आत्ताच भरा. यादीत नावच नसेल, तर आपल्या प्रश्नाला उमेदवार कशाला उत्तर देईल?