बासष्ट माणसं, माईक नाही

आमच्याकडे कार्यक्रम मोठा झाला की नाही, हे गाण्यावरून ठरत नाही, बेसवरून ठरतं. शेजारच्या घराच्या काचा थरथरल्या की कार्यक्रम गाजला. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सगळ्यांना तोंडपाठ आहेत. रात्री १० नंतर लाऊडस्पीकर बंद, राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. शांतता समितीच्या बैठकीत दरवर्षी हेच वाचून दाखवतात, आम्ही पत्रकार तेच छापतो आणि मिरवणुकीत पुढे काय होतं ते तुम्हीही बघता. त्यावर आज लिहीत नाही. वीस वर्षं तेच लिहितोय.

आज लिहायचंय ते माईकची परवानगीच लागली नाही अशा एका कार्यक्रमाबद्दल.

गेल्या शनिवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत गाणं झालं. सतरंज्या, दोन ट्यूबलाईट (त्यातली एक लुकलुकणारी), माणसं बासष्ट. मी मोजली, सवय आहे. पुण्याहून ब्लूज गाणारा एक गिटारवाला पोरगा आला होता आणि आमच्याच तालुक्यातले एक गोंधळी काका, तुणतुणं घेऊन. सोबत संबळावर त्यांचा पुतण्या. आधी एकाचं, मग दुसऱ्याचं, शेवटचा अर्धा तास दोघांचं मिळून. संबळ बंद खोलीत माईकशिवायही पुरून उरतो म्हणून पुतण्यानं त्यावर उपरणं टाकलं, तेवढीच काय ती साऊंड सिस्टीम.

सकाळपासून गावच्या ग्रुपवर चेष्टा चालू होती. गोंधळ आणि इंग्रजी गाणी, काहीही चाललंय, आपला काय संबंध वगैरे.

संबंध आहे भाऊ. आपला तालुका कापसाचा. ब्लूज वाढलं ते मिसिसिपी डेल्टातल्या कापसाच्या शेतांत, दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसणाऱ्या आणि वर्षाअखेरीस हिशोबात मालकाचंच देणं निघणाऱ्या काळ्या माणसांत. १८६१ ते १८६५ च्या त्यांच्या यादवी युद्धात तिकडचा कापूस अडकला, म्हणून इंग्रजांनी वऱ्हाडातला कापूस उचलला आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला, हे आपण शाळेत शिकलोय. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र लिहून तिथल्या काळ्या लोकांच्या प्रश्नाशी आपलं नातं सांगितलं. १९७२ साली दलित पँथरनं नाव घेतलं ते तिथल्याच ब्लॅक पँथरवरून. तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, इंग्रजी नाव कशाला म्हणून.

बरं, ते सगळं सोडा. नुसतं वाद्य बघा. गिटारवाल्यानं डिडली बोची गोष्ट सांगितली. घराच्या लाकडी भिंतीवर दोन खिळे ठोकायचे, झाडूची तार सोडवून त्यात ताणायची आणि बाटली सरकवत सूर बदलायचा. तिकडच्या कित्येक गरीब पोरांचं पहिलं वाद्य हेच. एक तार. काकांनी आपलं तुणतुणं वर धरलं. लाकडी नळकांडं, खाली कातडं, एक तार. म्हणाले, "म्हणजे भावकीतलंच निघालं की हो!" मग त्यानं ब्लूजची रचना समजावली. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं आणि मधल्या रिकाम्या जागेत गिटार बोलते. आमच्या शाहिराच्या मागे झिलकरी हेच तर करतात. तिथे झील माणूस धरतो, इथे गिटार. पोरगा जरा जास्त बोलत होता हे खरं. पण हे बोलणं मैदानातल्या दोन हजार माणसांत ऐकूच आलं नसतं, आणि काकांना मधेच तोडून प्रश्न विचारता आला नसता.

मी विजेच्या विरोधात नाही, गैरसमज नको. मडी वॉटर्स डेल्टातल्या मळ्यावर राबायचा. १९४१ साली ॲलन लोमॅक्स आणि जॉन वर्क यांनी तिथे जाऊन लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी त्याचं गाणं टिपून घेतलं. दोन वर्षांत तो शिकागोला गेला आणि तिथल्या गजबजलेल्या बारमध्ये ऐकू जावं म्हणून विजेची गिटार हातात घेतली. गरज होती, घेतली. आमच्याकडे मात्र साठ माणसांच्या वास्तुशांतीलाही ट्रकभर बॉक्स येतात.

आता पैशाचं. त्या लोमॅक्सनं मडीला रेकॉर्डच्या दोन प्रती आणि वीस डॉलरचा चेक पाठवला होता, असं मडीनंच पुढे सांगितलंय. आमच्या काकांना एका खात्याच्या जनजागृती कार्यक्रमाचं मानधन मिळायला अकरा महिने लागले. शनिवारी ताट फिरवलं, ९,३४० रुपये जमले आणि ते तिघांत सारखे वाटले. पुण्याच्या पाहुण्याला जास्त, गावच्याला प्रवासखर्च, हा नेहमीचा हिशोब केला नाही. एकानं कुरकुर केली, लोककलेला कसले पैसे, ती तर श्रद्धा. श्रद्धेनं गॅसचा सिलेंडर भरत नाही.

आणि हा मुद्दा माझ्या टेबलापर्यंत येतो. ज्येष्ठ कलावंतांसाठी सरकारची मानधन योजना आहे, महिना ५,००० रुपयांची. अर्जासोबत पुरावे लागतात. पत्रिका, प्रमाणपत्रं, बातम्यांची कात्रणं. जन्मभर वाड्यावस्त्यांवर रात्री जागवलेल्या माणसाकडे कात्रण कुठून येणार? गोंधळाची कोण बातमी देतं? महिन्यातून एकजण तरी माझ्याकडे येतो, "साहेब, २००९ च्या जत्रेत माझा फोटो छापला होता का बघा." फोटो असतो तो उद्घाटन करणाऱ्याचा. कलावंत मागे, अर्धा कापलेला.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. मोठं नाट्यगृह बांधलंय, त्याचं भाडं परवडत नाही आणि आठशे खुर्च्यांत साठ माणसं बसली की गाणाऱ्याचंच मन खचतं. छोट्या खोल्या मात्र आहेत. १९६७ च्या कायद्याखालची अनुदानित वाचनालयं तालुक्यात आहेत, संध्याकाळी सातनंतर कुलूप. महिन्यातली एक संध्याकाळ ती उघडा. नगरपालिकेनं वीजबिल आणि शिपायाचा भत्ता द्यावा, भाषण देऊ नये. कलावंताला त्याच दिवशी लेटरहेडवर तारीख, शिक्का, सही असलेलं पत्र द्यावं. शनिवारी वाचनालयानं दिलं. काकांनी पाकीट नंतर मोजलं, पत्र आधी वाचलं.

एक गोष्ट खटकली ती इथेच सांगतो. बायका वीसेक होत्या, सगळ्या भिंतीकडेला, आणि त्यांना कुणी गायला बोलावलं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या, त्या अशाच घरांतल्या बायकांकडून. जातं गेलं, पण ओव्या पाठ असलेल्या म्हाताऱ्या आमच्या गल्लीत अजून आहेत. त्यांना स्टेजवर चढवलं तर तोंड उघडणार नाहीत. सतरंजीवर कदाचित उघडतील.

पुढची बैठक महिनाअखेरीच्या शनिवारी, सात वाजता. हलगीवाले येणार आहेत. हलगी खोलीत वाजवायची की खाली अंगणात, यावर समितीत अजून भांडण चालू आहे. आणि ती ट्यूबलाईट कुणीतरी बदला राव.