पदवी राहून गेली? आधी तासांचा हिशेब मांडा

कुणाचं बारावीनंतर लगेच लग्न झालं, कुणाला वडिलांच्या आजारपणात कॉलेज सोडून दुकानावर बसावं लागलं. पदवी अर्धवट राहण्याची कारणं घरोघरी वेगळी असतात. त्यानंतर ऐकावं लागणारं वाक्य मात्र बहुतेक ठिकाणी एकच असतं, ‘आता काय शिकायचं वय आहे का?’

वयाचं म्हणाल, तर इग्नूमध्ये बीएला प्रवेश घ्यायला वयाची वरची मर्यादा नाही. घरी राहून पदवीचा अभ्यास करण्याची सोयही नवी नाही. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्राद्वारे अभ्यासक्रम सुरू केले. हैदराबादला १९८२ मध्ये देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. मग १९८५ मध्ये इग्नू आलं आणि १९८९ मध्ये नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. त्यामुळे वयाची काळजी सोडा आणि दिवसातले किती तास हाताशी आहेत ते पाहा.

क्रेडिट म्हणजे तास

इग्नूच्या हिशेबात एक क्रेडिट म्हणजे सुमारे ३० तासांचा अभ्यास. पुस्तक वाचणं, स्वाध्याय लिहिणं, अभ्यासकेंद्रावरच्या तासांना जाणं हे सगळं त्यात आलं. चार क्रेडिटचा एक विषय म्हणजे १२० तास. तीन वर्षांच्या पदवीला आता साधारण १२० क्रेडिट लागतात, म्हणजे ३,६०० तास.

आकडा पाहून दचकू नका, त्याला दिवसांनी भागा. तीन वर्षांत पदवी हवी असेल तर रोज जवळजवळ सव्वातीन तास द्यावे लागतील. नोकरी, स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास सांभाळून एवढा वेळ निघणं कठीण. पण इग्नूचं बीए पूर्ण करायला सहा वर्षांपर्यंत मुदत मिळते. सहा वर्षं धरली, तर रोज पावणेदोन तासांहून थोडे कमीच पुरतात. परीक्षा जून आणि डिसेंबर अशा वर्षातून दोनदा होतात. त्यामुळे तयारी झालेल्या विषयांचाच परीक्षेचा फॉर्म भरा, बाकीचे पुढच्या वेळी द्या. सगळे पेपर एकदम अंगावर घेऊन त्यातले तीन राहिले की माणूस खचतो. सावकाश गेलेला निदान पोहोचतो.

स्वाध्याय मात्र टाळू नका. बहुतेक विषयांत त्यांना ३० टक्के आणि लेखी परीक्षेला ७० टक्के वजन असतं. दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं.

हे तास घरात कोण देणार?

पुस्तक घेऊन बसलेली बाई अनेक घरांत ‘रिकामी बसली’ असंच धरलं जातं. म्हणून नुसतं ‘मी शिकणार आहे’ म्हणू नका. ‘रात्री नऊ ते साडेदहा माझा अभ्यास आहे’ असं सांगा आणि त्या वेळात कोणतं काम कोण करणार हेही त्याच दिवशी ठरवा. घरातल्या इतरांनो, शाबासकी द्याच, पण त्या वेळात भांडी घासून टाकलीत तर अभ्यासाला जास्त मदत होईल.

पैसे भरण्याआधी

‘एका वर्षात पदवी’, ‘परीक्षेला जायची गरज नाही’ अशा जाहिराती दिसल्या की दूरच राहा. विद्यापीठाला आणि तुम्ही निवडलेल्या अभ्यासक्रमाला त्या सत्रासाठी मान्यता आहे का, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या वेबसाइटवर तपासा. मान्यता असेल तर ती पदवी नेहमीच्या कॉलेजच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. यूजीसीने २०२२ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा हे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने करता येत नाहीत. कुणी करून देतो म्हणालं, तर विश्वास ठेवू नका.

भाषेचीही चौकशी करा. नाशिकच्या विद्यापीठात मराठीतून शिकता येतं, पण त्याचं काम महाराष्ट्रापुरतं आहे. बडोदा, इंदूर, बेळगावला राहत असाल तर इग्नू आहेच. शिवाय अहमदाबादचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर, भोपाळचं भोज आणि म्हैसूरचं कर्नाटक राज्य अशी मुक्त विद्यापीठंही आहेत. पेपर कोणत्या भाषेत लिहिता येईल, हे प्रवेशाआधीच विचारून घ्या.

आधीचे क्रेडिट वाया जात नाहीत

कॉलेज अलीकडेच सुटलं असेल, तर तुमचे क्रेडिट ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा आहेत का ते पाहा. ही सोय २०२१ मध्ये सुरू झाली. जमा झालेले क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. सरकारच्या ‘स्वयम्’ या वेबसाइटवर विषय फुकट शिकता येतो. मग फी भरून, केंद्रावर जाऊन परीक्षा दिली की त्याचेही क्रेडिट मिळू शकतात. विद्यापीठ एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय असे स्वीकारू शकतं. पण तुमचं विद्यापीठ नेमका तो विषय घेतं का, हे आधी लेखी विचारा.

इग्नूचे प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांसाठी होतात, त्यामुळे घाई करू नका. इग्नूची पुस्तकं ‘ई-ज्ञानकोश’वर फुकट वाचायला मिळतात. आवडीच्या विषयाचा एक पाठ आज मोबाइलवर उतरवून घ्या आणि ठरवलेल्या वेळी पंधरा दिवस रोज वाचून पाहा. त्यातले दहा-बारा दिवस जमले, तर पुढच्या सत्राचा फॉर्म भरायला हरकत नाही. जमले नाहीत, तर आधी वेळ बदलून बघा. फी त्यानंतर भरा.