एडवणच्या किनाऱ्यावरचा जगाचा इतिहास

१/ केळव्याहून दक्षिणेस, वैतरणेच्या मुखाकडे जाऊ लागले की मथाणे, एडवण, कोरे, दातिवरे अशी गावे लागतात. या टापूत पोर्तुगीजकालीन कोटांचे अवशेष विखुरलेले आहेत. ‘हे कोणी बांधले?’ असे इथल्या शाळकरी मुलास विचारावे. ‘फिरंग्यांनी’ हे उत्तर तत्काळ येते. ‘ते इथे कशासाठी आले?’ याचे उत्तर मात्र त्याला दहावीपर्यंतच्या शाळेत धड मिळत नाही. आजचा धागा त्याविषयी. #थ्रेड

२/ राज्य मंडळाच्या दहावीच्या इतिहासात पूर्वी आधुनिक जग होते : साम्राज्यवाद, दोन महायुद्धे, रशियन राज्यक्रांती, शीतयुद्ध. २०१८च्या पुस्तकात त्यांची जागा इतिहासलेखन, प्रसारमाध्यमे, खेळ, पर्यटन, वारशाचे जतन यांनी घेतली. हे विषय टाकाऊ नाहीत. जतनाचा पाठ तर या गावांना हवाच. परंतु पहिल्याच पाठात व्हॉल्टेअर, मार्क्स आणि फुको भेटतात, आणि फ्रेंच राज्यक्रांती म्हणावी तर ती आठवीच्या ‘युरोप आणि भारत’ या एका पाठात ओझरती येऊन गेलेली असते. पुढे जगाचा सलग इतिहास येतो तो बारावीला, आणि तोही इतिहास हा विषय घेतला तरच. विज्ञान शाखेला वा आयटीआयला गेलेल्या मुलाचा संबंध तिथेच संपला.

३/ म्हणून जुने पुस्तक जसेच्या तसे परत आणावे काय? नाही. पाठांतराची कारणे त्यातही होतीच. ‘१४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टॅन्टिनोपल जिंकले, खुष्कीचा मार्ग बंद झाला, म्हणून सागरी मार्गाचा शोध लागला’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या उत्तरपत्रिकांत उतरले आहे. पोर्तुगीजांनी उत्तर आफ्रिकेतील स्यूटा १४१५ मध्येच घेतले होते. १४३४ मध्ये त्यांची जहाजे केप बोजादोरच्या पुढे गेली होती. कार्य आधी आणि कारण मागून, असा हा प्रकार!

४/ उत्तर कोकणातली हकिगत याहून बोलकी आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशाह एकीकडून हुमायूनच्या दडपणाखाली होता. त्या कोंडीत डिसेंबर १५३४ मध्ये त्याने वसई व तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगीजांना लिहून दिला. मध्य आशियातून आलेले एक घराणे आणि लिस्बनहून आलेले एक आरमार, या दोहोंच्या मध्ये हा किनारा सापडला. आणखी एक गंमत पाहा. १५८० मध्ये पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे गेला आणि १६४० पर्यंत त्याच घराण्याकडे राहिला. म्हणजे ती ६० वर्षे इथल्या कोटांचा आणि मेक्सिको-फिलिपिन्सचा धनी एकच होता.

५/ पुढचा भाग आपल्याला प्रिय. चिमाजी आप्पांची मोहीम. १७३९च्या जानेवारीत माहीम व तारापूर, मे महिन्यात वसई. तारापुरास बाजी भिवराव पडले. हे शौर्य सांगायलाच हवे. पण एके काळी हिंदी महासागरावर हुकमत गाजवणारी सत्ता इतकी क्षीण का झाली, हेही सांगायला हवे. सतराव्या शतकात डचांनी तिचे मलाक्का, सिलोन, कोचीन घेतले होते. शतकाच्या अखेरीस ब्राझीलमध्ये सोने सापडले आणि लिस्बनची नजर तिकडे वळली. मराठ्यांचा विजय याने तसूभरही उणा होत नाही. उलट शत्रूची कमजोरी ओळखून मोहीम आखणाऱ्यांची पारख त्यातून कळते.

६/ पालघरवरून जाणारा लोहमार्ग १८६४ मध्ये मुंबईला पोहोचला. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिथला कापूस अडला होता आणि मुंबईच्या बाजारात पैशाचा पूर आला होता. आजही सकाळची लोकल याच मार्गावरून धावते.

७/ आणि तारापूर. देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, अणुभट्ट्या अमेरिकन कंपनीच्या. १९७४ मध्ये पोखरणचा स्फोट झाला. पुढे अमेरिकेने इंधन अडवले आणि १९८०च्या दशकात ते फ्रान्सकडून आले. शीतयुद्ध शिकवायला याहून जवळचे उदाहरण कोणते? पुढे अणुभट्ट्या क्रमांक ३ व ४ साठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. त्या घरांतल्या मुलांना अण्वस्त्रप्रसारबंदीचे राजकारण परके कसे म्हणावे?

८/ ‘आधी आपला इतिहास पक्का होऊ द्या, जग मागाहून’ हा आक्षेप नेहमीचा. मला ही विभागणीच मान्य नाही. वर जे लिहिले, त्यातला ‘आपला’ भाग कापून वेगळा काढून दाखवावा. दुसरा आक्षेप तासिकांचा आहे आणि तो खरा आहे. इतिहास व राज्यशास्त्र मिळून ४० गुण. शिक्षक काय काय करणार? म्हणूनच मी संपूर्ण जग मागत नाही. पर्यटन आणि खेळ यांचे पाठ आटोपशीर करून चार-पाच प्रकरणे जगाला द्यावीत, आणि प्रत्येकाची सुरुवात जिल्ह्यातल्या एखाद्या वास्तूपासून करण्याची मुभा शिक्षकाला असावी.

९/ पालघरात १४ ऑगस्ट १९४२ रोजी गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. सातपाटी, मुरबे, नांदगाव, सालवड ही त्यांची गावे, एक पालघरचेच. दरवर्षी त्या दिवशी त्यांना अभिवादन होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून, आणि त्याच महिन्यात क्रिप्स दिल्लीत आले. ‘छोडो भारत’चा ठराव नेमका त्या ऑगस्टमध्ये का झाला, हे अभिवादनाला येणाऱ्या दहावीच्या विद्यार्थ्याला त्याच्या पुस्तकातून सांगता यावे.